नाव दिलं, बोलले नाही

ताई, वरळीची चाळ सोडली त्या सकाळी तू गॅलरीत पाठमोरी उभी राहून कपडे वाळत घालत होतीस. मी दोनदा हाक मारली. तू वळली नाहीस. "जा गं, टॅक्सीचा मीटर पडलाय," एवढंच म्हणालीस. आई मात्र खाली नाक्यापर्यंत आली. टॅक्सीच्या खिडकीतून हात घालून तिने माझा पदर सारखा केला नि म्हणाली, "परक्या मुलखात मान खाली घालून राहायचं. आपण कामाला चाललोय, बोलायला नाही."

एकवीस वर्षं मी तशीच राहिले. अमेरिकेत एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये ताटं धुतली. चौथीपर्यंतच शिकलेल्या बाईला ते काम जमतं. पेशंटने हातही न लावलेला भात, चिकन, आख्खी सफरचंदं रोज पिंपात ओतायची. पहिल्या वर्षी रडू यायचं, मग हाताला सवय झाली. शेजारच्या सिंकवर हलीमा, सुदानची. हिंदी तिची सिनेमे बघून शिकलेली, माझी वरळीची. आमचं बरं जमलं. तिची आई लढाईतून पळून छावणीत राहत होती. तिथे ज्वारी, मसूर आणि तेल वाटायचे, ते आमच्या सरकारने पाठवलेलं. "आमच्या" लिहिताना अजून हात अडतो. इथली सिटिझन मी झाले. ह्यांनी भारताचा पासपोर्ट सोडला नाही.

मग ते धान्य बंद करायचं घाटू लागलं. इथे खासदार शाळेच्या हॉलमध्ये येऊन लोकांचं ऐकतो. मतदाराने आधी नाव द्यायचं, मग दोन मिनिटं बोलायचं. हलीमा म्हणाली, "दीदी, मेरा वोट नहीं, तेरा है. तू बोल. मेरी माँ का राशन है."

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नाव तुझं दे, बोलेन मी. तुझी तर दातखीळ बसेल." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या चाळीच्या मीटिंगला असंच नव्हतं का? खोली आईच्या नावावर, पण ती जिन्यात बसायची नि दादा बोलायचा. कुणी कधी हरकत घेतली नाही.

हॉलमध्ये माझं नाव पुकारलं. हे कागद घेऊन उठले. माईकजवळच्या बाईने हसून सांगितलं, ज्यांचं नाव त्यांनीच बोलायचं. हे खाली बसले, कागद माझ्या मांडीवर ठेवला. "ऊठ गं, चार ओळी तर आहेत. मराठीत बोल, मी सांगतो त्यांना." मागे हलीमा उभी होती. मी खुर्चीतच बसून कागदाची घडी घालत राहिले. बाईने पुन्हा नाव घेतलं. सगळे थांबले. मग तिने पुढचं नाव घेतलं. तो माणूस म्हणाला, आधी आपल्या माणसांचं बघा. टाळ्या पडल्या. खासदाराने काहीतरी लिहून घेतलं.

धान्य आधी निम्मं झालं, मग मसूर गेली, मग तेल. इथला बर्फ वितळत होता तेव्हा हलीमाची आई गेली. तिने मला ते सिंकवरच सांगितलं. "अपना हिस्सा बच्चों को देती थी." एवढंच. मी हातातलं ताट धरून तशीच उभी राहिले. तिने ते माझ्याकडून घेतलं, त्यातला भात पिंपात ओतला नि धुवायला लागली.

हे म्हणतात, तू बोलली असतीस तरी काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. पण ते आता मला कधीच कळणार नाही.

ताई, तू तुझ्या नव्या टॉवरमधून फोनवर विचारतेस, "घरी कधी येतेस?" इतकी वर्षं हा प्रश्न मला गोड लागायचा. इथे मी कामापुरती, माझं घर वरळीला, हेच धरून मी दिवस काढले. त्या खुर्चीतही मी तशीच बसले होते, पाहुणीसारखी. पण पाहुणीचं नाव कुणी दोनदा घेत नाही, तिच्यासाठी भरला हॉल थांबत नाही. ते सगळे माझ्यासाठी थांबले होते. म्हणजे घर हेच होतं गं, आणि घरातच मी गप्प बसले.