वाकायचं नाही

पुण्याहून घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कमरेत वळायचं नाही. हाड धरेपर्यंत, म्हणजे निदान तीन महिने. यातलं काहीच न करता लोणीतल्या बाईनं दिवस कसा काढायचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. झाडणं, धार काढणं, कपडे आपटणं, कांद्याची रोपं लावणं, यातलं उभ्यानं काय होतं? सगळं आयुष्य मी जमिनीकडे बघत काढलं होतं. आता उताणं पडून छताकडे बघायचं होतं.

झालं होतं असं. मणक्यातली गादी सरकून शीर दबली होती. कंबर दुखायची, पण ते दुखणं मी अंगावर काढलं. बाईची कंबर दुखायचीच, त्यात सांगण्यासारखं काय? पुढं डाव्या पायातली चप्पल रानात मागं राहायला लागली. ती निसटलेली मला कळायचीच नाही. मी आपली पुढं जायची आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "अगं, चप्पल ऱ्हायली की तुजी!" एक दिवस घरात आले तर फरशीवर रक्ताचे ठसे. कुणाचे म्हणून बघते तर माझेच. पायात काच घुसली होती आणि मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी नवऱ्यानं गाडी काढली.

ऑपरेशन झालं, कमरेत स्क्रू बसले, दुखणं बरंचसं गेलं. पाऊल मात्र तसंच राहिलं. डाव्या घोट्याच्या खाली माझं काही नव्हतंच. डॉक्टर म्हणाले, शीर मोकळी केलीय, जागी होईलही, होणारही नाही. आधी स्पर्श कळायला लागेल, मग हालचाल येईल. आणि वाकून स्क्रू हलले तर परत उघडावं लागेल, मग पावलाची आशा सोडा. म्हणजे सगळं त्या पावलासाठी चाललं होतं. ते आलं तर मी पुन्हा रानात, नाही तर काठी धरून ओट्यावर बसायचं.

घरात आम्ही तिघंच. नवरा सकाळी चाकणला कंपनीत जायचा, अंधार पडता घरी यायचा. लेक लग्न होऊन पेठ गावाला, तिच्या कडेवर तान्हं. राहता राहिल्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं चिमूटभर, पण पाठ अजून ताठ आणि जीभ त्याहून ताठ.

मी जुन्नरची, तालुक्याच्या गावातली. लग्न होऊन लोणीला आले तेव्हा आत्यांनी पहिली शिकवणी वाकायचीच घेतली. थोरलं माणूस दारात आलं की डोक्यावर पदर आणि वाकून नमस्कार. कुणाला चुकून पाय लागला तर तिथल्या तिथं वाकायचं, त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीशी न्यायचा. माणूसच कशाला, सुपाला पाय लागला, केरसुणीला लागला, तरी तेच. "पाय लागला की आदी हात, मंग तोंड," असं त्या म्हणायच्या. माहेरी आम्ही हे इतकं पाळत नव्हतो. पहिलं वर्षभर मी चुकायची आणि त्या डोळे वटारायच्या. नंतर चुकायचं बंद झालं. पाय लागायचा आणि हात आपोआप खाली जायचा, मला विचारायचासुद्धा नाही.

आणि आता त्याच आत्या माझ्या पायाशी बसल्या होत्या. घरी आल्याच्या पहिल्याच सकाळी त्यांनी माझं पाऊल उचललं आणि मागून पट्टा असलेली चप्पल त्यात घालायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, नका हो पायाला हात लावू. मला पाप लागेल."

"मंग काय चिमट्यानं घालू?" त्या म्हणाल्या. "गप पड."

गप पडण्यावाचून मला दुसरं काही येतही नव्हतं. अंग पुसायचं, केस विंचरायचे, लुगडं तर बंदच, गाऊन घालायचा, तोही त्यांनीच. कुशीवर वळायचं तर सगळं अंग एकदम, ओंडका लोटावा तसं. लोटणार त्याच. भांडं मागवायची वेळ आली की मी आधी कितीतरी वेळ कळ काढायची. त्यांना ते बरोबर समजायचं. त्या भांडं घेऊन उभ्या राहायच्या आणि भिंतीकडे बघत कांद्याच्या बाजाराबद्दल बोलायच्या. मला त्यांचा राग यायचा. त्यांनी काही वाईट केलं होतं म्हणून नव्हे, मला तिथं राग करायला दुसरं हक्काचं माणूसच नव्हतं.

तशी माणसं कमी नव्हती. भेटायला रीघ लागली होती. आजाऱ्याला भेटायला नाही गेलं तर वर्षभर बोल लागतो, त्यामुळं सगळं गाव येऊन गेलं. बिस्किटाचे पुडे इतके साठले की दुकान टाकावं. येणारा प्रत्येकजण कुणाच्या तरी कमरेची गोष्ट सांगायचा आणि त्या गोष्टीतला माणूस शेवटी हटकून आडवाच असायचा. आणे गावाहून आत्यांचे थोरले भाऊ आले. त्यांना पायथ्याशी खुर्ची दिली आणि माझं मेलेलं पाऊल नेमकं त्यांच्या तोंडाकडे बोट दाखवत राहिलं. मी पडल्या पडल्या हात जोडले.

"मामा, पाया पडते."

"पड, पड, तितनंच पड," मामा म्हणाले. "लवकर उठ म्हंजी झालं."

 आत्यांनी गोधडी माझ्या पायांवर ओढली आणि चहा टाकायला गेल्या.

बाहेर कांद्याची लागवड सुरू झाली होती. आमच्यात सावड असते. आज सगळ्या बायका हिच्या रानात, उद्या तिच्या. जिच्या रानात लावायचं तिनं दुसऱ्यांच्या रानात तेवढं वाकलेलं असलं पाहिजे. त्या वर्षी मी कुणाकडेच वाकले नव्हते, तरी बायका आमच्या रानात उतरल्या. खिडकीतून त्यांच्या पाठी दिसायच्या, रांगेनं. त्यातली एकजण मध्येच ओरडून विचारायची, "आगं, बघती काय? तुजं वाफं आमी सोडून ठेवू का?" आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायची. मग तोंड भिंतीकडे करावंसं वाटायचं, तर तेही एकटीनं करता यायचं नाही.

ती सावड फेडायला आत्या गेल्या. या वयात, माझ्या जागी. दुपारी मला जेवायला घालून त्या बायकांबरोबर रोपं लावायला जायच्या आणि दिवस मावळता कमरेवर हात ठेवून यायच्या. मी म्हणाले, राहू द्या, पुढच्या वर्षी मी फेडीन. तर म्हणाल्या, "पुडच्या वर्साचं पुडच्या वर्साला." माझं पुढचं वर्ष कसं असेल याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

व्यायाम शिकवायला मंचरहून एक बाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी आत्यांना एक काम लावून दिलं. रोज सकाळी पावलाला कोमट तेल चोळायचं. मग मी डोळे मिटायचे, आत्यांनी पावलावर कुठंतरी हात ठेवायचा आणि तो कुठं आहे ते मी सांगायचं. अंदाजानं सांगायचं नाही, हे त्या बाईंनी मला निक्षून सांगितलं होतं. मी पहिल्या दिवशीच अंदाजानं सांगितलं.

"टाच," मी म्हणाले.

"आंगठा धरलाय मी," आत्या म्हणाल्या.

त्यानंतर मी खरं तेच सांगायला लागले. "कुठं हाय हात?" "नाय कळत." "आता?" "नाय." आत्या माझ्यावर कधी चिडल्या नाहीत. त्या पावलावर चिडायच्या. आडमुठ्या बैलाला दटावावं तसं त्याला म्हणायच्या, "काय रं, निजलास व्हय? किती निजायचं मान्सानं?" ते ऐकून मला हसू यायचं. हसलं की टाके ओढायचे.

पुढं मला वॉकर धरून घरातल्या घरात चालायची परवानगी मिळाली. चालणं म्हणजे उजवा पाय टाकायचा आणि डावा फरफटत आणायचा. एक दिवस आत्या दारातल्या उजेडात बसून लसूण सोलत होत्या. मी त्यांच्या मागून चालले होते. दार जवळ आलं, वळायला जागा कमी पडली आणि माझं डावं पाऊल जाऊन त्यांच्या पाठीला लागलं. लागलं ते मला कळलं नाही. दिसलं.

दिसलं आणि मी वाकले.

डॉक्टर, स्क्रू, तीन महिने, यातलं काही त्या वेळी डोक्यात नव्हतं. वॉकर सोडला, कमरेतून सरळ खाली गेले, त्यांच्या पाठीला हात लावला आणि तो छातीशी न्यायला गेले, तेवढ्यात कमरेत कुणीतरी पहार घातली. मला वर येता येईना, खाली बसता येईना. "आत्या, आत्या," एवढंच तोंडातून निघत होतं. त्या वळल्या, मला बघितलं आणि किंचाळल्या. मग एवढीशी ती बाई माझ्या पोटाखाली खांदा घालून तशीच थांबली, शेजारची माणसं धावत येईपर्यंत. तिचा श्वास मला ऐकू येत होता. त्या श्वासातून ती सारखं म्हणत होती, "काय केलंस गं पोरी, काय केलंस."

मंचरच्या दवाखान्यात कमरेचा फोटो काढला. नवऱ्यानं तो मोबाईलवरून पुण्याच्या डॉक्टरांना पाठवला आणि उत्तर येईपर्यंत आम्ही तिघं तिथल्या बाकड्यांवर बसलो, मी तेवढी आडवी. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. पाऊल गेलं. एका नमस्कारापायी पाऊल गेलं. डॉक्टरांचा फोन आला. स्क्रू जागेवर होते. नवऱ्यानं फोन माझ्या कानाला लावला.

"काय उचलायला वाकला होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "सासूबाईंना पाय लागला."

 डॉक्टर म्हणाले, "पुन्हा लागला तर लागू द्या."

घरी येताना आत्या गाडीत मागं माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.  मध्येच म्हणाल्या, "मीच शिकवलं तुला. नसतं शिकवलं तर बरं झालं असतं." मी म्हणाले, तसं काही नाही. पण तसंच होतं, आणि ते दोघींना ठाऊक होतं. त्यानंतर त्या माझ्या वाटेत कधी बसल्या नाहीत. मी वॉकर धरला की त्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या, पदर आवळून. "लात लागली तरी वाकायचं न्हाई आता," असं रोज म्हणायच्या. "माज्या अंगाला काय भोकं पडत न्हाईत."

पण पावलाला दटावणं त्यांनी बंद केलं. तेल चोळताना गप्प असायच्या. "कुठं हाय हात?" एवढंच विचारायच्या आणि मी "नाय" म्हणाले की दुसरीकडे ठेवायच्या. माझं "नाय" ऐकून त्यांचा चेहरा कसा होतो, ते मला बघावं लागत नव्हतं, माझे डोळे मिटलेले असायचे. तेवढी एक सोय होती.

थंडी पडली होती. एका सकाळी मला जाग आली, पण मी डोळे उघडले नाहीत. उघडले की छतच दिसणार. बांगड्या वाजल्या, त्यावरून आत्या आल्याचं कळलं. त्या पायथ्याशी बसल्या. गोधडी वर सरकवल्याचं घोट्यापर्यंत कळलं, पुढचं नेहमीप्रमाणे कळलं नाही. मग काहीच आवाज येईना. तेलाची वाटी वाजेना, त्या काही बोलेनात. म्हणून मी डोळे किलकिले करून खाली बघितलं.

आत्यांचं कपाळ माझ्या पावलावर होतं. दोन्ही हातांनी टाच धरली होती आणि त्या ओठांतल्या ओठांत पावलाशी बोलत होत्या. "ऊठ रं आता. लई झालं. माजं एवडं ऐक."

मला काहीही कळत नव्हतं. ना कपाळ, ना हात, ना श्वास. डोळे उघडले नसते तर हे झालं हेही मला कळलं नसतं. आदल्या दिवशी झालं असेल, त्याच्या आदल्या दिवशीही झालं असेल. पाय गुडघ्यातून मागं ओढून घेता आला असता. पण ओढताना तो त्यांच्या तोंडाला लागला असता, आणि मग मला वाकता कुठं येणार होतं? मी घट्ट डोळे मिटून घेतले. मला रडू येत होतं आणि रडायचीही चोरी होती.

थोड्या वेळानं बांगड्या पुन्हा वाजल्या. त्या उठून बसल्या असाव्यात. नाक ओढल्याचा आवाज आला. मग नेहमीचा खणखणीत सूर लावून त्या म्हणाल्या, "जागी हाईस का? मीट डोळं."

डोळे मिटलेलेच होते. त्यांनी पुढचं विचारायच्या आतच मी बोलून गेले, "अंगठ्यावर आहे हात. आज कळतंय, आत्या. थोडं थोडं कळतंय."

 बाहेर कुणीतरी गुरांना हाकलत होतं, ते आवाज लांब गेले.

"मी आजून हात लावलाच न्हाई गं," आत्या हळूच म्हणाल्या.

मी डोळे उघडले नाहीत.  तेलाची वाटी सरकल्याचा आवाज आला. मग त्यांनी हात लावला असणार. कुठं लावला ते मला कळलं नाही.