चोवीस सेकंदांचा बंदोबस्त

मांगल्या चौदा एप्रिलले आमची पोरगी आम्रपाली प्लांट कॉलनीतल्या आमच्या सेक्टरच्या विहारासमोर भाषणाले उभी झाली, आन अर्ध्यातच लाईन गेली. जनरेटरवाल्या प्रफुलनं तो सुरू करेपर्यंत बारा सेकंद माईक मुका. तेवढ्यात पोरगी रडत खाली उतरली. औंदा म्हणे, "माईक जाणार नाई असं बाबा सांगतीन, तरच बोलीन."

आमचे हे, चंपतराव, प्लांटमधल्या क्रेनचे रिटायर इलेक्ट्रिशियन. वायर दिसली का जेवण सुचत नाई. म्हणाले, "भागा, अल्ट्राकपॅसिटर लावतो. झटक्यात भरते, झटक्यात वीज देते." प्लांटची सवय, लागते त्याच्या डबल घ्यायचं. बाराचे चोवीस सेकंद धरले. हिशोबात साठवण आली पंचवीस फॅरड. एका नळ्याचं व्होल्टेज कमी पडते, म्हणून दुर्गहून पंचवीस-पंचवीसचे सहा नळे आणून एकामागं एक जोडले.

मंग घरातच टेस्टिंग. पोरगी भाषण म्हणे, हे मधातच मेन स्विच पाडत. चार सेकंदांत माईक बंद! कावून? तर म्हणे, एका रांगेत सहा जोडले का साठवण सहाव्या हिश्श्यावर येते, तेच विसरलो. अव माय! तीस वर्षं प्लांटात काय माश्या मारल्या का वो?

आठ दिवस हेच. माहा विजेच्या कुकरमधला भात दोनदा कच्चा राहिला. पोरगी बी चिडली. माईक गेला का आवाज चढवून पुढचं वाक्य म्हणे. शेवटी दीडशेचे सहा आणले, तवा बराबर चोवीस सेकंद भरले.

औंदाही लाईन गेलीच. माईक मात्र चालू! हे माह्याकडं पाहून मिशीले पीळ देऊन राहिले. पण जनरेटरचा आवाज काई येईना. प्रफुल बसते विहाराच्या मांगं. माईक बंद पडला का त्याले समजे, लाईन गेली. आता माईक बंदच पडला नाई, तर हा बापा आरामात भाषण ऐकून राहिला!

चोवीस सेकंद सरले. माईक मेला. हे धावत स्टेजवर गेले, माईक काढून ठोकून पाहून राहिले.

आम्रपालीनं त्यायच्याकडं पाहिलंही नाई. घरच्यासारखाच आवाज चढवला आन पार शेवटच्या 'जय भीम'पर्यंत बोलली. मांगच्या रांगेतल्या म्हाताऱ्यायनंही टाळ्या वाजवल्या.

तवा कुठं जनरेटर धडधडला. माईक अजून यायच्याच हातात. साऱ्या सेक्टरनं ऐकलं, "माही पोरगी... माही पोरगी..."

ते रडणं काई चोवीस सेकंदांत आटपलं नाई.