दक्षताबाईंची जवळीक

कितीतरी देशांनी मिळून चालवलेली ती मदतसंस्था. तिथे आपल्याच माणसांनी काही वावगं केलं तर चौकशी करायची, हे बाईंचं काम. म्हणून सगळे त्यांना दक्षताबाई म्हणत. आता अशा माणसाच्या गळ्यात गळा कोण घालणार? बाईही कुणाच्या हातचा चहा घेत नसत. आज ज्याचा चहा प्यायला, उद्या त्याचीच चौकशी आली तर? असं करता करता बिचारी पन्नाशीला टेकली.

दौऱ्यावर न्यायला ठरलेला ड्रायव्हर असे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलण्यात महाकंजूष. जेवायच्या वेळी तो गाडी सावलीत लावी आणि बाईंना संकोच नको म्हणून आपला डबा घेऊन गाडीच्या पलीकडे जाऊन बसे. मध्ये अख्खी गाडी! तरी बाईंना ते जेवण घरच्यापेक्षा गोड लागे. त्या एकदा खोकल्या, की दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूची काच आधीच वर केलेली असे. याला काय म्हणायचं, ते बाईंनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

आणि एक दिवस त्याच्याच विरुद्ध तक्रार आली. संस्थेच्या गाडीत बाहेरच्या कुणाला बसवायचं नाही, असा कडक नियम. याने तर वाट वाकडी करून, कळा सुरू झालेल्या एका पोरीला दवाखान्यात पोचवलं होतं. नोकरी जाऊ शकत होती. तपास आला नेमका बाईंकडेच. प्रकरण हातात ठेवलं असतं तर त्याला सांभाळून घेता आलं असतं. पण ज्याच्याशी जवळीक आहे त्याची चौकशी आपण करायची नाही, साहेबांना सांगून बाजूला व्हायचं, हाही नियमच.

धाकटी बहीण त्यांच्याजवळच राहायची. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "अगं ताई, कसली डोंबलाची जवळीक? मध्ये गाडी ठेवून डबे खाल्लेत तुम्ही! कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना," बाई म्हणाल्या.

सकाळी साहेबांनी विचारलं, जवळीक म्हणजे नेमकी कसली? बाईंचे कान तापले.

"माझ्याकडून आहे. त्यांना ठाऊक नाही."

तपास मुख्य कार्यालयातून आलेल्या एका तरण्या अधिकाऱ्याकडे गेला. हा भलताच करडा, कुणाची भीडभाड न ठेवणारा. बाईंचा जीव टांगणीला लागला. अब्रू गेली ती गेलीच, वर आपण त्या भल्या माणसाला वाऱ्यावर सोडलं, असं मनात येऊन त्या बहिणीला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडल्या.

तपास संपल्यावर तो अधिकारी त्यांच्या खोलीत आला, दार लोटलं आणि खरं तर हे मी सांगायला नको, म्हणत घुटमळला. तपासनीस का बदलला, हे त्याला ड्रायव्हरला सांगावं लागलं होतं. तुमच्याकडून तसं काही नाही असं तुम्ही म्हणालात तर बाई तपास पुन्हा आपल्याकडे घेऊ शकतात, तुमच्याच फायद्याचं आहे, असंही त्याने सुचवलं होतं.

"पण ते ऐकेनात," अधिकारी म्हणाला. "म्हणाले, नको साहेब, तुम्हीच करा चौकशी. माझंही तसंच आहे."

चौकशीचा निकाल काय लागला, हे विचारायचंच बाई विसरल्या. शेवटी त्यानेच सांगितलं, की लेखी ताकिदीवर भागलं, नोकरी शाबूत आहे.