‘सवय होईल,’ म्हणालो होतो

डोंगावाले मामाजी सावलीत बसले तरी कपाळावर आडवा हात धरूनच बोलायचे. माझ्या दुकानात, पंख्याखाली, समोर चहाचा कप, आणि उजवा तळहात भुवयांवर छपरीसारखा. इथं कुठलं ऊन, असं मी चिडवलं की हसून हात खाली घ्यायचे. दोन मिनिटांत तो पुन्हा आपल्या जागेवर. सारा जन्म बोदलकशाच्या तलावावर डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, मासे धरण्यात गेलेला. “पानी डोरे खाते जी,” म्हणायचे. डोळ्यांना आमच्या झाडीपट्टीत डोरेच म्हणतात.

तिरोड्याला मी चष्म्याचं दुकान टाकलं त्याला तेव्हा, म्हणजे दोन हजार सालाच्या आसपास, दोनेक वर्षं झाली होती. घरची शेती धानाची, पण मला चिखलापेक्षा काचा बऱ्या वाटल्या. नागपूरला एका दुकानात काम शिकून आलो आणि स्वतःला फार शहाणा समजायला लागलो. बाजाराच्या दिवशी मासे विकून झाले की मामाजी दुकानात टेकायला यायचे. पळसाच्या पानात गुंडाळलेली रोहू सरळ माझ्या टेबलावर ठेवायचे. मी वासावरून कुरकुरायचो आणि घरी नेऊन चवीनं खायचो. मला ते “डाक्टर” म्हणत. डोळे तपासून कागदावर नंबर लिहिणारे डॉक्टर वेगळे; मी नुसता काच घासून फ्रेममध्ये बसवणारा. पण त्यांची चूक मी कधी सुधारली नाही. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

बोदलकशाच्या पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत. जाळं त्यांत अडकलं की फाटलंच. म्हणून जाळी टाकायला सगळ्यांत पुढे मामाजींचा डोंगा जायचा. एकदा त्यांनी मलाही नेलं. पुढच्या टोकाला पाय फाकवून उभे, हातात बांबू, मान खाली, नजर आपल्या पायांपासून दोन हात पुढच्या पाण्यावर. मला नुसती चकाकी दिसत होती. ते एकेका खुंटाला वळसा घालत होते. मी डोंग्याच्या कडा घट्ट धरून देवाचं नाव घेत बसलो होतो. गावात त्यांना मान होता तो एवढ्याचसाठी, आणि त्यांना दुसरं काही नकोही होतं.

मग त्यांच्या डोळ्यांत वडस वाढला. पांढऱ्यावरून मांसाचा पापुद्रा बुबुळाकडे सरकायला लागला. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऊन आणि चकाकी टाळा, नाहीतर पाण्यावर जाणं सोडा. कागदावर दूरचा थोडा नंबर होता, जवळचा बऱ्यापैकी. मामाजी तो कागद घेऊन माझ्याकडे आले. “नंबरवाला गागल पायजे,” म्हणाले. “डोंगा नाही सुटला पायजे.”

मी आरसा पुढे केला. त्यांनी आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेक गॉगल उचलून ते भर दुपारी रस्त्यावर गेले आणि तिथं पाय फाकवून, गुडघे वाकवून, हातात नसलेला बांबू धरून उभे राहिले. मान खाली, नजर पायांशी. पानठेल्यावरचे लोक फिदीफिदी हसायला लागले. सायकलवाले थांबून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काळी काच त्यांनी नापसंत केली, सावलीतला खुंट तीत दिसणार नाही म्हणाले. तपकिरी घेतली. बाजूनं ऊन शिरू नये म्हणून रुंद फ्रेम. पाण्यात पडू नये म्हणून दांड्यांना बांधायला दोरी मागितली. आज एवढी वर्षं धंदा करून सांगतो, उन्हात काम करणाऱ्यानं गॉगल असाच निवडायचा असतो. तेव्हा मी मात्र त्यांना हाताला धरून आत आणलं. पुरे झाला तमाशा, असंच माझ्या मनात होतं.

पुढचं सगळं मी ठरवलं. चाळिशी ओलांडलेला माणूस आला की वरून दूरचं, खालच्या चंद्रकोरीतून जवळचं, अशी बायफोकल काच द्यायची, हे माझ्या हाताला बसलेलं. मामाजी म्हणाले होते की त्यांना वाचता येत नाही आणि जाळं ते बोटांनीच विणतात. मी ऐकलं आणि सोडून दिलं. एका चष्म्यात दोन कामं होतील, तुमचाच फायदा, म्हणालो. आठवड्यानं त्यांनी गॉगल लावला, सवयीनं पायांकडे पाहिलं आणि थबकले.

“खाली धुंद दिसून राहिलं जी, डाक्टर.”

“सवय होईल. पंधरा दिवस लावा.”

सगळे चष्मेवाले हेच म्हणतात. मामाजींनी ते औषधासारखं घेतलं. पुढच्या दोन-तीन बाजारांना मी विचारलं, तर “होऊन रायली जी,” म्हणाले. नंतर त्यांचं येणंच थांबलं. वय झालं असेल, असं समजून मी माझ्या कामाला लागलो. आठवण यायची, पण तिरोड्याहून बोदलकसा असं कितीसं लांब? गेलो नाही, बस्स.

तीन वर्षांनी हिवाळ्यात घरच्यांना पक्षी दाखवायला तलावावर नेलं, तर मामाजी पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसलेले, कपाळावर आडवा हात. गॉगल खिशात, फडक्यात गुंडाळून, दोरीसकट. डोंगा भाच्याला देऊन टाकला होता. कळलं ते असं: जाळी खुंटांत अडकून फाटायला लागली, मग एकदा डोंग्यातून उतरताना काठ समजून ते पाण्यातच पाय ठेवून पडले. चष्मा लावूनही दिसत नाही म्हणजे डोळेच संपले, असं त्यांनी धरलं. चष्मा चुकला असेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. “तुमी सांगतलं होतं जी,” मलाच समजावल्यासारखं म्हणाले, “पर मलेच सवय नाही झाली.”

मी तो गॉगल डोळ्यांना लावला आणि खाली पाहिलं. माझे स्वतःचे पाय त्या चंद्रकोरीत विरघळून गेले. पाळीची पायरी कुठं संपते ते कळेना. ती काच हातभर अंतरावरचं वाचण्यासाठी होती, आणि हा माणूस जन्मभर उभ्यानं खालचं पाणी बघत आलेला. ते रस्त्यावर मला हेच दाखवत होते. पानठेल्यावरच्या लोकांपेक्षा मी काय वेगळा होतो?

चार दिवसांत नुसत्या दूरच्या नंबराच्या तपकिरी काचा त्याच फ्रेममध्ये बसवून परत गेलो. मामाजींनी गॉगल लावला, पाळीच्या कडेला पाय फाकवून उभे राहिले, मान खाली घातली. कपाळावरचा हात हळूच खाली आला. मग बोटानं दाखवत म्हणाले, “थो पाहा, खुंट.” थोड्या वेळानं माझ्याकडे वळले.

“डोरे त होते जी, डाक्टर. मंग तीन सालं मी काठावर कायले बसलो?”

ते रागानं विचारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

“मामाजी, मी डॉक्टर नाही,” मी म्हणालो. “काच मी चुकीची दिली. चूक माझी.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. डोंगा परत दे, असं मी भाच्याला सांगायला निघालो तर त्यांनीच थांबवलं. त्याची लेकरंबाळं आता त्याच डोंग्यावर होती. दोन पावसाळ्यांनी मामाजी गेले. शेवटपर्यंत गॉगल लावून पाळीवर बसायचे आणि भाच्याला काठावरून खुंट सांगायचे, असं त्यानंच मला सांगितलं.

आता माझ्या दुकानात गॉगल कोणी आरशासमोर निवडत नाही. धान रोवणारी बाई असो की जंगलातला चौकीदार, मी त्यांना उन्हात नेतो आणि काम करून दाखवा म्हणतो. पानठेल्यावर अजून हसतात. खाली धुंद दिसतं असं कोणी म्हटलं की मी काच काढून घेतो आणि दुसरी बसवतो. एवढंच त्या दिवशी केलं असतं, तर मामाजी आणखी तीन वर्षं पाण्यावर असते.