मागचे दोन टायर

आमच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी पाटावर बसल्यासारखं खाली जावं लागतं, आणि उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. दोन दारांची, बसकी, लांब नाकाची गाडी. नरसिंहपूरच्या वाटेला आमच्या बाजूला अशी दुसरी गाडी नाही, आणि असूही नये असं माझं मत आहे. माझ्या गुडघ्यांचंही तेच मत आहे.

ती आमच्या ह्यांनी घेतली. जन्मभर डाळिंब आणि ऊस केला, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल चालवली, आणि साठी उलटल्यावर एके दिवशी पुण्याहून ही कुणीतरी वापरलेली गाडी घेऊन दारात उभे राहिले. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि माझ्या छोट्या गाडीनं शाळेला जात होते. त्यामुळे घरात गाडीतलं कळणारी मीच, अशी माझी समजूत होती.

"बाकीच्या गाड्या पुढनं वढत्यात," ते म्हणाले. "ही मागनं ढकलती. बसून तर बघ."

बसले. इंदापूरच्या रस्त्याला वळण संपून गाडी सरळ झाली की ते पाय दाबायचे, आणि कुणीतरी पाठीला तळहात लावून पुढं सारल्यासारखं व्हायचं. तेव्हा ते माझ्याकडे बघायचे, मला कळलं का ते पाहायला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं खूश फार थोड्या वेळा पाहिलंय. हे कबूल करायला मला आवडत नाही, पण खरं आहे. गावानं चेष्टा करायची ती केली. धाकटे दीर म्हणाले, "दादा, ह्यात वैरणीची एक पेंडी तरी बसती का?" ह्यांनी त्यांना त्या दिवशी गाडीत घेतलं नाही.

मग मधुमेहानं डोळे धरले. मधलं गेलं आणि कडेचं राहिलं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांना दिसायचा नाही, त्याच्या कानामागची भिंत दिसायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा ऊस दिसायचा, मधला रस्ता नाही. बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जाणं सुरू झालं. माझी छोटी गाडी मी निवृत्त झाल्यावर विकून टाकली होती. निर्णय माझाच, त्यामुळे त्यावर रागवायलाही कुणी नव्हतं. राहिली ही. ती मी चालवायला लागले.

चालवायला लागले म्हणजे हातपाय माझे, बाकी सगळं त्यांचं. ते डावीकडे काळा चष्मा लावून बसायचे आणि तोंडानं गाडी हाकायचे. "दुसरा टाक. आता सोड. अगं दाब की आता." रस्ता त्यांना दिसत नव्हता, पण कुठल्या खड्ड्यानंतर कुठलं वळण हे अंगात बसलेलं. मी एकदा म्हटलं, एवढं येतंय तर तुम्हीच चालवा. ते शांतपणे म्हणाले, "चालवणारच हाय. डोळं सुधारू दे. तवर तुझ्याकडं दिलीय." आपण सांभाळायला दिलेल्या वस्तूवर बसलोय, हे मला त्या दिवशी कळलं. ह्या बोलण्यावर त्यांची सगळी भिस्त होती, म्हणून मी पुढं काही बोलले नाही. नुसती दमत राहिले. जाताना दमायचं, दवाखान्यात बसून दमायचं, येताना दमायचं आणि घरी येऊन भाकरी टाकायच्या.

ऊसतोडीच्या दिवसांत आमचे रस्ते डांबरी राहत नाहीत. फडातून ट्रॅक्टर बाहेर येतो तो चाकाला लागलेला चिखल सगळ्या रस्त्यावर सांडत जातो. त्यावर पाचट पडतं, पहाटेचं दहिवर पडतं. अशाच एका सकाळी बारामतीला निघालो. आमच्या शेताच्या पुढं ओढ्याजवळ वळण आहे, तिथं ह्यांनी नेहमीप्रमाणे "दुसरा टाक" म्हटलं, मी टाकला, पाय दाबला, आणि गाडीचा मागचा भाग माझी परवानगी न घेता निघाला. मी स्टेअरिंग एकीकडे फिरवतेय आणि गाडी दुसरीकडे. थांबलो तेव्हा मागची चाकं चरात होती आणि नाक आमच्याच घराकडे होतं. कुणाला काही लागलं नाही. दिरांनी ट्रॅक्टरला दोर लावून गाडी ओढून काढली, आणि त्यांना जे बोलायचं होतं ते चेहऱ्यावर ठेवून गेले.

हे खाली बसले आणि मागच्या टायरवरून हात फिरवू लागले. पुढच्या टायरवर नक्षी होती. मागचे दोन्ही गुळगुळीत. सगळा जोर मागच्यांनीच लावायचा, म्हणून झिजलेही तेच. पुढचे काढून मागं लावावेत तर ते अरुंद, मागचे रुंद. तीही सोय नाही.

"गोटा झाल्यात," ते म्हणाले. "बदलू. पण तवर मागं वजन टाकलं पायजे."

हे वजनाचं फक्त आमच्याकडचा माणूसच म्हणू शकतो. ओल्या रानात ट्रॅक्टर जागच्या जागी चाक फिरवायला लागला की मागच्या मोठ्या टायरांत पाणी भरतात, नाहीतर मागं दगड बांधतात. मग तो जमीन धरतो. दोघा भावांनी आयुष्यभर तेच केलेलं. ह्या एका गोष्टीवर त्यांचं लगेच एकमत झालं, आणि खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून दोन गोण्या आमच्या डिकीत चढल्या. मी म्हटलं, हा ट्रॅक्टर नाही. "चाकं मागचीच फिरत्यात न्हवं?" दीर म्हणाले. मी निवृत्त शिक्षिका आहे, मला लोकांचं चुकलेलं दिसतं, पण ते कसं चुकलंय हे तेव्हा सांगता येईना.

ते बारामतीच्या रस्त्यावर कळलं. गाडीची शेपूट खाली बसलेली, नाक वर. पुढचा रस्ता मला बॉनेटवरून मान उंचावून बघावा लागत होता. सरळ रस्त्याला चाकं धरत होती हे खरं, पण बारामतीत शिरताना चौकाला वळसा घातला तर ते मागचं वजन वळायचं सोडून सरळच जायला बघत होतं. शेजारून आवाज आला, "बघ, कशी दबून चाललीय." माझ्या मनात आलेलं उत्तर छापण्यासारखं नव्हतं.

टायरच्या पहिल्या दोन दुकानांनी मापच बघून हात वर केले. तिसऱ्या दुकानदारानं पुण्याला फोन लावला. मग स्टेपनी बघायला त्यानं डिकी उघडली आणि तो तिथंच थांबला.

"तात्या, हे काय हाय?"

"वाळू."

"बांधकाम काढलंय का?"

ह्यांनी त्याला पाण्याच्या टायरांचं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. धंद्याचा माणूस होता. मग म्हणाला, ह्या मापात दोन जातीचे टायर मिळतात. एक आता आहेत तसलेच, मऊ रबराचे. कोरड्या रस्त्याला घट्ट धरणारे, वेगाला चांगले, पण लवकर झिजणारे आणि ओल्यात जरा बेभरवशाचे. दुसरे कडक, खोल खाचांचे. वेगाची मजा थोडी कमी, पण पाणी-चिखल खाचांतून बाहेर टाकणारे आणि पुष्कळ दिवस चालणारे. हे सगळं तो ह्यांच्याकडे बघून सांगत होता.

"गाडी मी चालवते," मी म्हटलं.

"व्हय का काकी?" तो कौतुकानं म्हणाला, आणि परत ह्यांच्याकडे वळला. "मग तात्या, कुठलं मागवू?"

"हायेत तसलंच."

"खोल खाचांचे," मी म्हटलं.

ते दुकानाच्या स्टुलावर बसून, माझ्या खांद्यामागच्या कॅलेंडरकडे तोंड करून बोलले. "तसलं लावलं की तिच्यात काय राहिलं? मग पुढनं वढणारी घ्यायची हुती."

"तसले लावून आपण चरात गेलो."

"तुझा पाय चुकला."

"तुमचं तोंड चुकलं."

दुकानात हवा भरायला आलेला एक माणूस तिथंच रेंगाळला. ह्यांनी आवाज खाली आणला. "डोळं सुधारल्यावर मला चालवायचीय. मला माझ्या हिशेबाचे टायर पायजेत." नाही म्हणायचं म्हणजे टायरला नाही म्हणायचं नव्हतं. दुकानदाराला बहुतेक अशा नवराबायकोची सवय असावी. तो म्हणाला, "दोन्ही जातीचे मागवून ठेवतो. फुडल्या खेपंला या, हात लावून बघा, मग ठरवा." इंजेक्शनची खेप आणि टायरची खेप एकाच दिवशी आली.

तो महिना आम्ही गाडी जवळजवळ हलवलीच नाही. गोण्या मी दुसऱ्याच दिवशी उतरवायला लावल्या. घरात मात्र टायरशिवाय विषय नव्हता. जेवताना टायर, बागेत पाणी सोडताना टायर. कुणी बघायला आलं की हे त्याला मऊ रबराचं माहात्म्य सांगायचे, आणि मी आतून ऐकायची. एकदा मनात आलं, घेऊन टाकावेत त्यांचेच, चिखलात आपण सावकाश जाऊ. मग ओढ्याचं ते वळण आठवलं आणि तो विचार सोडून दिला. मला मरायचं नव्हतं, आणि त्यांची आशाही माझ्या हातून मोडायची नव्हती. दोन्ही एका वेळी कसं साधायचं ते सुचत नव्हतं. वाटायचं, कुणीतरी तिसऱ्यानं ठरवून टाकावं.

ते डॉक्टरांनी ठरवलं. त्या खेपेला त्यांनी तपासणी बराच वेळ केली. मग खुर्ची मागं घेऊन म्हणाले की आता इंजेक्शनचा उपयोग दिसत नाही, थांबवू या. जेवढं दिसतंय तेवढं टिकवायचं, साखर सांभाळायची. बोलले चांगलं, हळू आवाजात. ह्यांनी विचारलं, "म्हंजी गाडी?" डॉक्टरांना वाटलं, घरी जायला गाडी आहे का असं विचारतायत. ते म्हणाले, "बाई आहेत ना चालवायला." ह्यांनी मान हलवली आणि काठीसाठी हात पुढं केला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "टायरचं आज राहू द्या. घरी जाऊ."

"कशाला? मागवून ठिवल्यात त्यानं."

दुकानात दोन्ही जातींचा एकेक टायर भिंतीला टेकवून उभा केला होता. नव्या रबराचा वास सगळीकडे. हे स्टुलावर बसले, आधी मऊ टायर पुढ्यात घेतला आणि त्यावरून तळहात फिरवला, जसा ते बैल विकत घ्यायचा असला की पाठीवरून फिरवायचे. बराच वेळ फिरवला. मग दुसरा घेतला. खाचांत बोट घातलं, बोट पुढं पुढं नेलं, खाच कुठं वळते ते बघितलं. दुकानदार काहीतरी सांगायला लागला होता, पण त्याचं त्यालाच कळलं आणि तो मागं सरला.

"ह्यो बसवा," ते म्हणाले. हात खोल खाचांच्या टायरवर होता. "चालवायची हिला हाय."

मी महिनाभर ज्यासाठी भांडले ते मला मिळालं होतं. मला वाटलं होतं बरं वाटेल. तिथं उभी राहून मी म्हणाले, "बघा हं, तुम्हाला ते आवडत होते," आणि माझाच आवाज मला खोटा वाटला. मऊ टायर दुकानदारानं परत आत नेला तेव्हा हे त्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून बसले होते, तेवढंच.

टायर बसवून निघालो तेव्हा दुकानदार म्हणाला, "नवं हायेत, थोडं दिवस दमानं." ह्या खेपेला त्यानं ते माझ्याकडे बघून सांगितलं.

बारामती मागं पडली. एरवी गाव सुटायच्या आत ह्यांची कटकट सुरू व्हायची. मी वाट बघत होते. सणसर गेलं, उसाच्या ट्रॉल्या पुढं आल्या, त्यांना मी मागं टाकलं, उशिरा टाकलं, चुकीच्या गिअरमध्ये टाकलं. इंजिन कुंथलं ते मला ऐकू आलं, म्हणजे त्यांना आलंच असणार. काही नाही. हात मांडीवर, तोंड बाजूच्या उसाकडे. मी विचारलं, पाणी हवंय का. नको म्हणाले.

घराजवळ ओढ्याचं वळण आलं. रस्त्यावर ताजा चिखल होता, कुणाची तरी तोडणी चालू होती. मी पाय सैल केला आणि थांबले, "दुसरा टाक" ऐकायला. वळण अगदी तोंडावर आलं.

"दुसरा टाकू का?" मी विचारलं.

"तुला बरं वाटंल तसं," ते म्हणाले.

मी टाकला. गाडी चिखलातून वळली, मागची चाकं कुठंही हलली नाहीत, जशी वळायला हवी तशी वळली आणि सरळ झाली. इथं ते पाय दाबायचे. मी नाही दाबला. घरापर्यंत हळू गेले, आणि दारात गाडी बंद करून, त्यांना उतरवायला जायच्या आधी, स्टेअरिंग धरून जरा वेळ तशीच बसले. त्यांनी मला एकदा तरी ओरडायला हवं होतं.