बाईंचा निरोप समारंभ

ग्रीसने जगाला भूमिती दिली आणि धरणगावाला भूमितीच्या बाई दिल्या, असं आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष भर सभेत म्हणाले आणि टाळ्याही पडल्या. ग्रीसचं मला माहीत नाही. बाई मात्र तिकडून भूमिती घेऊन आल्या नव्हत्या, नवऱ्याबरोबर आल्या होत्या. नवरा आमच्याच तालुक्यातला, मालवाहू जहाजावर इंजिनिअर. समुद्राला कंटाळून तो घरच्या कापसाकडे परतला, तेव्हा त्याच्याबरोबर बाई जळगाव स्टेशनात उतरल्या. गणिताची पदवी त्यांच्याकडे होती, पण स्पर्शिका आणि वृत्तछेदिका त्या इथे आल्यावर, आमच्या नववी-दहावीच्या पुस्तकांतून शिकल्या.

त्यांची भाषा दोन ठिकाणची होती. वर्गात पाठ्यपुस्तकातली मराठी आणि वर्गाबाहेर सासूकडून उचललेली अहिराणी. मी शाळेत मराठी शिकवतो, पण बाई भाजीवाल्याशी बोलायला लागल्या की गावात परका मीच वाटायचो.

मुलं त्यांच्यावर जीव टाकत. का, हे सांगणं अवघड आहे, कारण त्या फारशा हसत नसत आणि गृहपाठ भरपूर देत. पण कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात असे, तेव्हा रविवारी बाईही शेतात जात. एखाद्या पोरीच्या शेजारच्या ओळीत उभं राहून वेचायला लागत आणि वेचता वेचता तिच्याकडून प्रमेय म्हणून घेत. त्यांचा हात अगदी हळू चाले. पोरींच्या आया म्हणत, "बाईनी वेचेल कापूस वाती कराले बी पुरावू नही." पण ओळ संपेपर्यंत प्रमेय पूर्ण होई.

एका वर्षी दिवाळीनंतर बाईंचे यजमान अचानक गेले. मूलबाळ नव्हतं, सासूही आधीच गेली होती. शिक्षकांच्या खोलीत चर्चा सुरू झाली.

"आता कशाला थांबतील? माहेरी जातील."

"माहेर केवढं लांब."

"लांब असलं तरी माहेर ते माहेर."

दोन-तीन चहांत 'जातील'चं 'जाणार' झालं. बाईंना विचारून घ्यावं, असं मी एकदा सुचवलं. अध्यक्ष, म्हणजे आमचे आबा, मलाच म्हणाले, "सर, दुखवट्यातल्या बाईमाणसाला कधी जाणार म्हणून विचारतात का? बरं दिसतं का ते?" ते बरं दिसलं नसतं, हे खरंच होतं. म्हणून कोणी विचारलं नाही. त्याऐवजी समारंभ ठरवला आणि वर्ग अडायला नको म्हणून आबांनी आपला भाचा बाईंच्या जागेवर नेमूनही टाकला.

शनिवारी मांडव घातला. बॅनरवर बाईंचा फोटो आणि फोटोला, कोणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे, झेंडूचा हार. बाईंना फक्त 'कार्यक्रम आहे' एवढंच सांगितलं होतं. त्या आल्या, बॅनर वाचला आणि दिलेल्या खुर्चीवर बसल्या. आबा दोन हजार वर्षांवरून बोलायला लागले आणि चालू शतकात येईपर्यंत चहा गार झाला. मग हेडमास्तर उठले. ते तिसऱ्या वाक्यालाच रडले आणि नंतर त्यांना थांबता येईना. शाल झाली, नारळ झाला. बाई उत्तरादाखल "सगळ्यांचे आभार" एवढंच म्हणाल्या. दुःखामुळे शब्द सुचत नाहीत, असं सूत्रसंचालकाने सांगितलं. तो सूत्रसंचालक मी.

सोमवारी पहिल्या तासाच्या घंटेला बाई फाटकातून आत आल्या. ऑफिसात आबा होते, हेडमास्तर होते आणि मी हजेरीपुस्तकावर सही करत होतो.

"मॅडम, तुम्ही?" हेडमास्तर उभेच राहिले. "जायचं कधी मग?"

"कुठे?"

"माहेरी. ग्रीसला."

"तिथे एक भाऊ आहे. तो सणाला फोन करतो. फोन इथेही लागतो."

"अहो, मग शनिवारी बोलला का नाहीत?"

"तुम्ही रडत होतात. रडणाऱ्या माणसाला मध्येच कसं थांबवायचं?" आणि जरा थांबून म्हणाल्या, "फोटोला हार पाहून मला आधी वाटलं, मीही गेले की काय. मग शाल मिळाली, तेव्हा बरं वाटलं."

बाईंनी घरी बसून काय करायचं, हा प्रश्न त्या खोलीत पहिल्यांदाच कोणाच्या तरी तोंडावर दिसला आणि तो बाईंच्याच तोंडावर होता. त्या घरात आता बोलायला कोणी नव्हतं.

आबा घसा साफ करत म्हणाले, "बाई, आता झालंय असं की पेपरात फोटो आला. जागा भरली. दिलेला निरोप परत कसा घ्यायचा?"

"आबा, निरोप ठेवा तुमनाजोडे," बाई अहिराणीवर आल्या. "मना वर्ग कोठे शे, ते सांगा."

वर्ग कुठे आहे हे त्यांना माहीतच होतं. त्या निघाल्या आणि आम्ही तिघे मागे. दहावीत आबांचा भाचा फळ्यावर वर्तुळ काढत होता. बाई दारात दिसताच सगळा वर्ग उभा राहिला. भाचा तर आधीच उभा होता. त्याने हात पाठीमागे घेतले. तोही बाईंच्याच हाताखालून गेलेला. काय करावं हे न सुचून तो पुढे आला, खडू बाईंच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर रिकामी जागा होती तिथे जाऊन बसला.

आबांनी तो सगळा तास दाराबाहेर उभ्यानं ऐकला. घंटा झाल्यावर म्हणाले, "भाच्याला आठवीचं विज्ञान देऊ. त्याला तरी कुठे येतं वर्तुळ?"

बाई मग वयाची अट पूर्ण होईपर्यंत शिकवत राहिल्या. त्या खरोखर निवृत्त झाल्या, त्या दिवशी मांडव नव्हता आणि भाषणंही नव्हती. आमच्या संस्थेत एका शिक्षकाला निरोपाचा खर्च एकदाच मंजूर होतो.