सातारा ते सांगली, निम्म्या ॲक्सिलरेटरवर

साताऱ्याहून सकाळी साडेसातला निघालो तेव्हा गाडी मी चालवत होते आणि आमचे हे बाजूच्या सीटवर काळा चष्मा लावून बसले होते. दहा दिवसांपूर्वी सांगलीत त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या डोळ्याला लाली आली होती, धूसर दिसत होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "उद्याच या, आणि एकच्या आत या." मुलगा परगावी, ओळखीचा ड्रायव्हर लग्नाला गेलेला. राहिले मी. वय चोपन्न, लायसन्स दोन वर्षांचं, आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास मंडईपर्यंत.

रहिमतपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना आल्याची हिरवीगार शेतं होती. ती निवांत बघता आली, कारण आमच्या गाडीची एक खोड होती. ॲक्सिलरेटर दाबला की आधी काहीच होत नसे. मग थोडा विचार करून ती पुढे जाई. एका चढावर दुधाच्या दोन किटल्या लावलेला मोटरसायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. जाताना त्याने आत डोकावून पाहिलं.

"तुझ्या पायात जोर नाही," हे म्हणाले.

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकत होते. मलाही ते पटलं होतं.

पुसेसावळी मागे पडल्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रेलरचा. दोन किलोमीटर मी त्याच्या मागून गेले.

"काढ आता पुढे. रस्ता मोकळा आहे," हे म्हणाले. त्यांना धूसर दिसतं, हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

मी गाडी उजवीकडे घेतली आणि पाय तळापर्यंत दाबला. गाडी ट्रॅक्टरच्या बरोबरीने चालू लागली, पुढे काही जाईना. तेवढ्यात वळणावरून समोर एसटी आली. आणखी दाबायला जागाच उरली नव्हती. मी करकचून ब्रेक मारला आणि ट्रेलरच्या मागे परत शिरले. एसटी इतक्या जवळून गेली की बाजूचा आरसा मिटला. बॉनेटवर उसाचं एक कांडं येऊन पडलं.

मग हे म्हणाले, "तरी मी सांगत असतो."

कडेगावच्या अलीकडे एक गॅरेज दिसलं, तिथे मी गाडी थांबवली. मालक साठीचे, झुबकेदार मिशांचे. वीस वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या, हे त्यांनी नावाच्या आधी सांगितलं. नाव सर्जेराव.

"काय हुतंय?"

"हिला चालवता येत नाही," हे म्हणाले.

"गाडीचं इचारतोय, सायेब."

मी सगळं सांगितलं. त्यांनी चावी घेतली, गाडी पुढच्या वडापर्यंत नेऊन आणली आणि उतरून म्हणाले, "ताई, तुमचा पाय चांगला हाय. माज्या पायानंबी हीच गत."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

मग बॉनेट उघडलं. हवेचा फिल्टर काढून त्यांनी उन्हाकडे धरला. "ह्यो बरा हाय." प्लग पाहिले, तेही बरे होते. तोवर त्यांच्या घरातून माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) आलं. गरम, लसणाचा वास असलेलं. यांनी पेला घेतला आणि गाडीत जाऊन बसले. सर्जेरावांनी मलाही स्टिअरिंगपाशी बसायला सांगितलं.

"इंजिन बंद ऱ्हाऊ द्या. ॲक्सिलरेटर पार दाबा."

दाबला.

"दाबा की!"

"दाबलाय!"

"मग झडप निम्मीच उघडतीया. या, बगा."

मी जाऊन पाहिलं. पायाकडून आलेली केबल इंजिनाला हवा देणारी झडप ओढते. ती केबल दोरीवरच्या साडीसारखी लोंबत होती. "तुमी दाबताय खरं," सर्जेराव म्हणाले, "पर निम्मं दाबणं हिचा ढिलेपणाच खातोय." मग वाकून त्यांनी नट पाहिला. "आपसूक ढिली न्हाई झाली ही. कुनीतरी पाना लावून सैल केलीया. वर घाण बसलीया, म्हंजी लय दिस झालं."

मी यांच्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामुळे ते कुठे बघताहेत ते कळत नव्हतं. सर्जेराव पाना शोधायला आत गेले. पाना त्यांच्या हातातच होता.

"तू शिकत होतीस तेव्हा," हे म्हणाले. "मीच सांगितलं होतं आपल्या मेकॅनिकला. तू जोरात नेऊ नयेस म्हणून."

ते स्वतः कधी ताशी पन्नासच्या वर गेले नव्हते, त्यामुळे त्यांचं काही अडलं नव्हतं.

"मघाशी समोर एसटी होती," मी म्हणाले.

"आवाज आला," हे म्हणाले.

सर्जेरावांनी केबल ताणून नट आवळला, झडपेवरची काजळी फडक्याने पुसली आणि म्हणाले, "आता जपून, ताई. सवयीनं दाबू नका." मी सवयीनेच दाबला. गाडीने उडी घेतली, कोंबड्या पळाल्या आणि उरलेलं माडगं यांच्या शर्टावर गेलं. मी मुद्दाम केलं नव्हतं. तसं त्यांना वाटलं असेल तर मी खुलासा केला नाही.

सांगलीत पावणेएकला पोहोचलो. डोळ्याला आतून सूज होती. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. औषधं दिली आणि महिनाभर गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. माधवनगरला नणंदेकडे जेवलो. तिने भडंग (मसाल्याचे कुरकुरीत चुरमुरे) बांधून दिलं आणि भावाच्या शर्टाबद्दल काही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर यांनी भडंगाची पुडी सोडली. मग एकदम म्हणाले, "वेगाची भीती नव्हती मला."

"मग?"

"तुला गाडी नीट यायला लागली, तर तू कुठं कुठं जाशील, असं वाटलं."

"कुठं जाणार होते मी?"

ते मलाच सांगता येईना, आणि मला तेच जास्त लागलं. मला कुठे जायचं आहे, हे चोपन्न वर्षांत कुणी मला विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

दिवेलागणीला साताऱ्यात पोहोचलो. मी त्यांच्या डोळ्यात औषध घातलं आणि स्वयंपाकाला लागले. भांडण झालं नाही.

पुढच्या मंगळवारी मी एकटीच गाडी काढून औंधला गेले. डोंगराच्या पायथ्याशी एक चहा घेतला, तासभर बसले आणि परत आले.

"काय काम होतं?" यांनी विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले.